बोर्ड बदलायचा की लॅपटॉपच?

पुणे, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवाच वाचला: थीसिसचं काम लॅपटॉपवर हळू चालतंय, तर नुसता मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) बदलू की लॅपटॉपच नवा घेऊ? अशा गोष्टी फोनवर नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

पूर्ण नवा लॅपटॉप घेऊ नकोस. २०२१चा तुझा फ्रेमवर्क, सुटे भाग घरच्या घरी बदलता येणारा लॅपटॉप, तू घेतलास तेव्हा मला तो फार आवडला होता. पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सर्किट शिकवणाऱ्या बाईला, सोबत स्क्रू-ड्रायव्हर देणारी कंपनी आवडणारच! स्क्रीन, कीबोर्ड, एसएसडी सगळं धड आहे. ते टाकून द्यायला माझं मन घेत नाही.

राहिला बोर्ड. तू एएमडीच्या रायझन एआय ३०० मालिकेच्या प्रोसेसरचा बघितलास. बोर्ड उत्तम आहे, पण त्याची किंमत तिथेच संपत नाही. तुझी रॅम जुन्या डीडीआर-४ प्रकारची, त्याला लागते नवी डीडीआर-५. म्हणजे रॅम नवी घ्यायची, आणि २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव कुठल्या कुठे गेलेत. इंटेलच्या १३व्या पिढीच्या प्रोसेसरचे फ्रेमवर्कचे बोर्ड मात्र डीडीआर-४च वापरतात. तुझ्या इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरला चार कोर (एका वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) आहेत, १३व्या पिढीच्या आय-५ १३४०पीला बारा. त्यातले आठ लहान आहेत, म्हणून तिप्पट वेग मिळेल असं धरू नकोस, पण मेशिंगला, म्हणजे मॉडेलचे गणितासाठी बारीक तुकडे पाडायला, फरक नक्की जाणवेल. ज्यांनी पुढचा बोर्ड घेतला ते हा जुना विकतात, जर्मनीत असे सापडायला हवेत. बोर्डाबरोबर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि पंखाही येतो का, ते विचारून घे.

पण त्याआधी एक काम कर. थीसिसचं नेहमीचं मॉडेल चालू कर आणि शेजारी टास्क मॅनेजर आणि तापमान दाखवणारं एखादं ॲप उघडं ठेव. मेमरी काठोकाठ भरून डिस्कवर धावपळ सुरू झाली, तर दुखणं रॅमचं आहे. तुझ्याकडे रॅमची एकच स्टिक आहे ना? दुसरी लावलीस की जागा वाढेलच, शिवाय तुझ्या प्रोसेसरमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स दोन स्टिकांवरच पूर्ण ताकदीने चालतं. जुनी डीडीआर-४ची स्टिक चालेल. प्रोसेसर सुरुवातीला जोरात पळून तापमान शंभर अंशांकडे गेलं आणि मग वेग पडला, तर पंख्यात धूळ असेल किंवा प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळली असेल. पेस्टची ट्यूब काही युरोंत मिळते, त्यासाठी बोर्ड कशाला बदलायचा? तापमान बरं असून सगळे कोर शेवटपर्यंत शंभर टक्क्यांवर असतील, तेव्हाच बोर्ड घ्यायचा, आणि तोही १३व्या पिढीचा.

आणखी एक. तुमच्या आखेनच्या विद्यापीठात क्लेक्स नावाचा महासंगणक आहे. मोठी सिम्युलेशन तिथे चालवायला मिळतील का, हे गाईडना विचार. मिळाली तर लॅपटॉपवर फक्त मेशिंग आणि लेखन उरतं, आणि खर्चाचं सगळं गणितच बदलतं. विचारायला संकोच करू नकोस, तो तुझ्या अभ्यासाचा भाग आहे.

बॅटरी मात्र बदलूनच टाक. मूळची ५५ वॉट-अवरची आहे, आता ६१ची त्याच जागेत बसते. बसवण्याआधी बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घे. आणि सुट्टीत इकडे येताना लॅपटॉप तिथेच पूर्ण उतरलेला सोडू नकोस. तुझ्या ११व्या पिढीच्या बोर्डावरची छोटी गोल बॅटरी संपली की मशीन चालूच होत नाही, माणूस घाबरून बोर्ड मेला म्हणतो. तसं झालंच, तर दिवसभर चार्जरला लावून ठेव.

बाबा म्हणतात, पैसे पाठवतो, नवाच घेऊ दे. त्यांचा जीव तुझ्यात आहे, त्यांना नाही म्हणताना प्रेमाने सांग. तुझी विद्यार्थी-नोकरी आणि थीसिस दोन्ही सांभाळताना मशीन अडलं तर तुझी किती ओढाताण होते, हे मलाही दिसतं. म्हणून अंदाजाने पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

मेमरी आणि तापमानाचे आकडे शनिवारपर्यंत पाठव, स्क्रीनशॉट चालेल. बघून स्टिक कुठली ते सांगते. आणि खोलायचा झाला, तर सगळ्यात आधी चार्जर काढ.

तुझी,
आई