चेन ताठ म्हणजे गाडी ठीक नव्हे

संपादक महोदय,

चेन खडखडली की ‘जरा टाइट करून द्या’ असं सांगायचं आणि ताठ चेन पाहून निर्धास्त व्हायचं, हे दुचाकीवाल्यांनी सोडायला हवं. डबल स्टँडवर मागचं चाक खाली लोंबत असतं. दोन माणसं बसली किंवा दुधाचे कॅन लादले की स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर उचलला जातो, पुढच्या स्प्रॉकेटपासून (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रापासून) एक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं, अंतर वाढतं आणि चेन आणखी ताणते. तेवढ्यासाठीच तिला ढील, म्हणजे वर-खाली हलण्याइतका सैलपणा, द्यायची असते. ढील नसेल तर ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतो, बेअरिंग जातं, ऑइल सील गळू लागतं.

100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवावं आणि सर्वांत ताठ जागी माप घ्यावं. चेनला पूर्ण कव्हर असलेल्या गाडीत हे माप घेण्यासाठी कव्हरला रबरी बूच असतं. गॅरेजमध्ये पट्टी लावून हे माप दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

एक्सलचा नट सैल केल्यावर चाकाच्या दोन्ही बाजूंचे, चेन ताणणारे अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेराच, पण सारखे फिरवावेत. एकच बाजू ओढली की चाक तिरकं बसतं आणि मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एक कड घासून चकाकते. नट आवळताना ढील बदलते, तेव्हा पुन्हा मोजावं. ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकताना ब्रेकचा रॉडही ताणला जातो. पेडलची ढील तेव्हाच नीट केली नाही, तर ब्रेक घासत राहून ड्रम तापतो.

अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेला पोचले म्हणून दोन कड्या काढून गाडी परत देणं मात्र साफ चूक आहे. एक्सल जेमतेम अर्धा इंच पुढे येतो, कड्यांच्या सांध्यातल्या पिना आणि बुश झिजलेलेच राहतात. मागच्या स्प्रॉकेटवरची कडी बोटांनी ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर संपते. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीच्या लॉकचं, म्हणजे क्लिपचं, बंद टोक चेन जाते त्या दिशेलाच हवं. उलटं बसवलेलं लॉक कशाला अडकून निघालं, तर धावत्या गाडीची चेन सुटते.

– एक दुचाकी मेकॅनिक, बारामती