‘ब्यूक’ लिहिलेले जपानी विमान

महोदय,

कालच्या पुरवणीत ‘जंगलात सापडले जपानी विमान’ हा लेख वाचला. छायाचित्रातले गृहस्थ हातात धातूची पाटी धरून हसत आहेत. पाटीवर ‘ब्यूक’ हा शब्द चष्म्याशिवायही वाचता येतो. मजकूर मात्र सांगतो की विमान जपानी असावे आणि शेजारी ‘एखाद्या मोटारीचे इंजिन’ पडलेले असावे. अरुणाचलच्या त्या कड्यावर मोटार कोणत्या रस्त्याने चढली, एवढे तरी कोणी विचारायचे!

ब्यूक या अमेरिकी मोटार कंपनीने दुसऱ्या महायुद्धात प्रॅट अँड व्हिटनीची आर-१८३० ही विमान-इंजिने बनवली आणि ती बी-२४ लिबरेटर या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना बसवली गेली. या इंजिनाला सातसातच्या दोन कड्यांत मिळून चौदा सिलिंडर असतात. अठरा भरले तर विमान बहुधा सी-४६ मालवाहू. चौदा भरले म्हणून मात्र लगेच बी-२४ ठरत नाही, कारण डाकोटा या मालवाहू विमानालाही याच घराण्याचे इंजिन होते. डाकोटाला दोन इंजिने, बी-२४ ला चार, आणि बी-२४ च्या प्रत्येक इंजिनामागे टर्बो-सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र. पत्र्याच्या तुकड्यांवर ठोकलेले भाग-क्रमांकही पाहावेत: बी-२४ चे ३२ ने सुरू होतात, सी-४६ चे २० ने. ही तपासणी जागेवरच होते, त्यासाठी काहीही उचलावे लागत नाही.

एवढ्याने विमानाचा फक्त प्रकार कळतो. नेमके कोणते विमान हे क्रमांकच सांगतो. शेपटीवर तो सालाचा पहिला आकडा गाळून रंगवलेला असतो, म्हणजे ४२-७३३०८ हा तिथे २७३३०८ असा दिसेल. रंग गेला असेल तर इंजिनांचे आणि मशिनगनचे क्रमांक. अमेरिकी हवाई दलाने १९४३ च्या मध्यापासून प्रत्येक बेपत्ता विमानामागे ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ भरला. त्यात कर्मचाऱ्यांची नावे, हवामान, शेवटचे ठाऊक असलेले ठिकाण, इंजिनांचे क्रमांक आणि मशिनगनचेही क्रमांक नोंदवायचे असत. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि कोणीही पाहू शकतो. पण एका इंजिनाच्या क्रमांकावर निकाल देऊ नये. इंजिने बदलली जात आणि बदलाची नोंद कधी कधी कागदावर पोचतच नसे. दोन वेगवेगळे पुरावे जुळले तरच बोलावे. काडतुसांच्या बुडावर कारखान्याची अक्षरे आणि साल असते. ‘एसएल ४३’ म्हणजे सेंट लुईस, १९४३. तसे काडतूस मिळाले तर विमान १९४३ च्या आधी पडलेले नाही, एवढे पक्के. पाहायचे ते आधीच सुटे पडलेले रिकामे काडतूस. भरलेल्याला हात लावू नये.

पाटी तारेच्या ब्रशने घासू नये, आम्ल तर मुळीच नको. पाणी, मऊ ब्रश आणि बाजूने टॉर्चचा तिरपा झोत, एवढे पुरते. शेजारी मोजपट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून फोटो घ्यावा आणि पाटी होती तिथेच राहू द्यावी. कोणता तुकडा कुठे होता यावरून कॉकपिट कुठे, शेपटीचा तोफची कुठे, हे ठरते आणि त्यावरून हाडे कुठे शोधायची ते. पुढे उत्खननाची तुकडी जमिनीवर चौकोन आखून माती जाळीतून चाळते. तुमच्या छायाचित्रातल्या गृहस्थांनी तिच्या कामाची एक खूण आधीच उपटली आहे, आणि तुम्ही त्यांना ‘शोधकर्ते’ म्हणता.

शोधकर्ते कसे असतात त्याचा दाखला त्याच राज्यात आहे. ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे बी-२४ कुनमिंगहून आसामातल्या चबुआला येताना २५ जानेवारी १९४४ रोजी बेपत्ता झाले. बॉम्ब टाकायला नव्हे, सामान आणायला निघालेले. चीनमधल्या अमेरिकी बॉम्बफेकी दलाला स्वतःचे पेट्रोल आणि स्वतःचे बॉम्ब हिमालयावरून स्वतःच वाहून न्यावे लागत, हेही तुमच्या लेखात नाही. अ‍ॅरिझोनाचे हौशी शोधक क्लेटन कूल्स यांनी २००६ साली ते सियांग भागात, दामरोजवळ शोधून काढले. डोंगराची वाट ठाऊक असलेले स्थानिक लोक बरोबर नसते तर ते तिथवर पोचलेच नसते. तुमच्या लेखात अशा वाटाड्यांचा उल्लेख ‘दोन हमाल’ असा आहे. पुढे दोन्ही सरकारांची ये-जा, परवानग्या, उत्खनन. अवशेष भारतातून निघायला २०१६ चा एप्रिल उजाडला आणि २०१७ मध्ये त्या विमानातले लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचे जॉर्जियातल्या कॉन्कॉर्डला दफन झाले.

अशी ओळख पटवण्यात हौशी माणसाला करण्यासारखे मोठे काम म्हणजे वंशावळ. जुन्या हाडांतून बहुधा माइटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो आणि तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे पुतण्याचा नमुना उपयोगाचा नाही, भाच्याचा चालतो. सख्खा भाऊ, बहीण, बहिणीची मुले, मावशी, मावसभावंडे शोधावी लागतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणीपाशी माग तुटतो. तिथे जनगणनेचे तक्ते, मृत्युलेख, चर्चच्या नोंदी चाळाव्या लागतात. नातेवाइकांना मात्र परस्पर फोन करून ‘तुमचे मामा सापडले’ असे सांगू नये. ते काम संबंधित अमेरिकी खात्याचे.

लेखाच्या शेवटी वाचकांना ‘अशा वैमानिकांची नावे खडकीच्या युद्ध दफनभूमीत पाहा’ असा सल्ला आहे. तिथे जरूर जावे, पण ही नावे तिथे मिळणार नाहीत. ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांचे या आघाडीवर बेपत्ता झालेले लोक सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. अमेरिकनांसाठी मनिलाच्या दफनभूमीतल्या भिंती पाहाव्यात. ओळख पटली की तिथे नावाशेजारी काशाचे छोटे फूल बसवतात.

आणि लेखासोबतच्या नकाशाचे काय करायचे? पासीघाट अरुणाचलात आहे, नागालँडमध्ये नाही. उलट अवशेषांचे अक्षांश-रेखांश मात्र दशांशासह अचूक छापले आहेत. भंगारवाल्यांची सोय झाली.

दुरुस्ती छापणार असाल तर अक्षांश-रेखांश ई-आवृत्तीतून आजच काढा, पाटी जिल्हा प्रशासनाकडे जमा करायला त्या गृहस्थांना सांगा, आणि जागा उरली तर ‘हॉट अ‍ॅज हेल’ची आठही नावे द्या: स्वान्सन, चेंबर्स, झेट्झ, ऑक्सफर्ड, गिन, क्वीन, हिन्सन, गेरान्स. दोन ओळींत मावतात. राशिभविष्याला तुम्ही अर्धे पान देता.

आपला,
एक वाचक, सातारा