नोड व्होल्टेज : गणित येते, चिन्ह चुकते

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मराठी माध्यमात एसएसएलसी (कर्नाटकातील दहावी) होऊन इंजिनिअरिंग डिप्लोमाला गेलेली मुले नोड व्होल्टेजच्या, म्हणजे सर्किटमधील जोडबिंदूंचे (नोडचे) व्होल्टेज काढण्याच्या, गणितात अडकतात. दोष इंग्रजीला दिला जातो. पण एकसामयिक समीकरणे त्यांना शाळेपासून येतात. चूक होते ती समीकरण मांडताना. आपल्या शैक्षणिक पानावर सर्किटच्या आकृतीसह असे एखादे उदाहरण पूर्ण सोडवून छापावे, ही विनंती. नमुना देत आहोत.

१२ व्होल्टचा सप्लाय, त्यातून २ किलोओहम नोड ‘अ’ला. ‘अ’पासून ग्राउंडला ६, ‘अ’ ते ‘ब’ १ आणि ‘ब’पासून ग्राउंडला २ किलोओहम. सप्लायचे निगेटिव्ह टोक ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट, धरावे. प्रत्येक करंट नोडमधून बाहेरच जातो असे मानावे आणि ज्या नोडचे समीकरण, त्याचे व्होल्टेज आधी लिहावे. प्रत्येक करंट म्हणजे व्होल्टेजमधील फरक भागिले रेझिस्टन्स, आणि नोडवर त्यांची बेरीज शून्य:

(अ – १२)/२ + अ/६ + (अ – ब)/१ = ०
(ब – अ)/१ + ब/२ = ०

उत्तर अ = ६, ब = ४ व्होल्ट. भागाकार किलोओहमने केल्यामुळे करंट मिलिअँपिअरमध्ये येतो; तिथे नुसते अँपिअर लिहून हक्काचे गुण घालवणारे पुष्कळ.

नेहमीची चूक दुसऱ्या ओळीत. वर (अ – ब) लिहिले म्हणून खालीही तेच उतरवतात. मग अ = –१८, ब = –३६ येते आणि मुलगा त्याखाली दोन रेघा मारून मोकळा होतो! एकच १२ व्होल्टचा सप्लाय आणि बाकी नुसते रेझिस्टर असताना कुठलाही नोड ० ते १२च्या बाहेर जाऊच शकत नाही. एवढे पाहिले तरी चूक सापडते. पॉवरही जुळवून पाहावी: सप्लाय ३६ मिलिवॅट देतो, रेझिस्टर १८, ६, ४ आणि ८ घेतात.

आता १ किलोओहम काढून तिथे २ व्होल्टचा सोर्स बसवा, पॉझिटिव्ह टोक ‘अ’कडे. त्यातला करंट ओहमच्या नियमाने निघत नाही. म्हणून दोन्ही नोड मिळून एक सुपरनोड धरायचा: (अ – १२)/२ + अ/६ + ब/२ = ०, सोबत अ – ब = २. उत्तर पुन्हा ६ आणि ४. हे दुसरे समीकरण लिहायचे राहते, मग गणित सुटत नाही आणि पाठांतर सुरू होते.

पहिले सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पट्टीवर) जरूर जोडून घ्यावे. ६ किलोओहमचा रेझिस्टर सहसा दुकानात मिळत नाही; २ चे तीन सिरीजमध्ये लावावेत. म्हणजे एकूण २ चे पाच, १ चा एक. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडलाच हवी. ती ‘ब’वर राहिली तर ‘अ’वर ६ऐवजी २ दिसतात. रेझिस्टरच्या ५ टक्के टॉलरन्समुळे (छापील किमतीपेक्षा थोडे कमी-जास्त असण्यामुळे) ५.९ किंवा ६.१ दिसले तर सर्किट मोडू नये.

– इलेक्ट्रिकल विषयाचे दोन शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव