ताई, तो मेमरी क्लॉबर तुमच्यामुळे सापडला

ताई नमस्कार,

हे खरं तर केव्हाच लिहायला हवं होतं. आमच्या कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर जीसीसी कंपायलरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार बिल्ड होत होता आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर टाकल्या टाकल्या एररचा नुसता पाऊस, तेव्हा मी तुम्हाला मेल केला होता की क्लँगला आमचा कोड झेपत नाहीये, एखादा फ्लॅग सांगा. तुम्ही फ्लॅग सांगितलाच नाही, "पहिली एरर नीट वाच" एवढंच लिहिलंत.

पहिली एरर होती स्ट्रक्चरच्या आतल्या ॲरेची, ज्याची साइज रनटाइमला ठरायची. मी ते सी भाषेचाच भाग समजून चाललो होतो, पण ते स्टँडर्डमध्ये कधी नव्हतंच, जीसीसीचं स्वतःचं एक्स्टेन्शन आहे आणि क्लँग एररमध्येच सांगतं की हे कधीच सपोर्ट होणार नाही. लिनक्स कर्नलच्या क्रिप्टो (एन्क्रिप्शनच्या) कोडमध्येही हेच जागोजागी होतं, ते काढायला वेगळा मॅक्रो आणला, आणि २०१८ च्या कर्नल ४.२० पर्यंत स्टॅकवरचे रनटाइम साइजचे ॲरेच हद्दपार झाले, हे सगळं तुम्ही सांगितलंत. मग हेडरमधली गडबड, जीएनयूसी मॅक्रो (कंपायलरची ओळख सांगणारं नाव) दिसला की जीसीसी समजायचं असं आम्ही धरलेलं, पण क्लँगही तो मॅक्रो देतं आणि स्वतःला जीसीसी ४.२ म्हणवतं, म्हणजे आमचा कोड जुन्यापुराण्या जीसीसीसाठीच्या वाटेने जात होता.

पण ज्यासाठी मनापासून आभार मानायचेत ती गोष्ट वेगळीच. बिल्ड झालं, बूट झालं, आणि लोड वाढला की कार्ड हँग. मी क्लँगलाच दोष देत बसलो होतो. तुम्ही दोन्हीकडचा ऑब्जडंप (तयार झालेल्या मशीन इन्स्ट्रक्शन्सची यादी) शेजारी शेजारी लावायला सांगितलंत आणि रात्री उशिरापर्यंत माझ्याबरोबर एकेक इन्स्ट्रक्शन बघत बसलात. आधी डिस्क्रिप्टर (कार्डाने काय करायचं त्याची नोंद) मेमरीत लिहायचा मग डोअरबेल वाजवायची, म्हणजे काम आल्याचं कार्डाला कळवायचं, मध्ये हा क्रम राखायला बॅरियर म्हणून इनलाइन असेंब्लीची एक ओळ, तिच्यात व्होलटाइल होतं पण क्लॉबर लिस्टमध्ये (ही ओळ काय काय बदलू शकते ते कंपायलरला सांगणाऱ्या यादीत) मेमरी लिहायचं राहिलेलं! नुसत्या व्होलटाइलने साधे स्टोअर (मेमरीत लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स) अडत नाहीत. जीसीसीने क्रम तसाच ठेवला हा निव्वळ योगायोग, क्लँगने एक स्टोअर बॅरियरच्या खाली नेला आणि कार्डला अर्धवट डिस्क्रिप्टर मिळायला लागला. चूक आमचीच होती, पहिल्या दिवसापासून, आणि जीसीसीच्या पुढच्या एखाद्या व्हर्जनने पण तिथेच पाडलं असतं.

आता प्रत्येक कमिट दोन्ही कंपायलरवर बिल्ड होतो, कर्नल ५.७ पासून बिल्ड करताना नुसतं एलएलव्हीएम=१ दिलं की लिंकरसकट जवळजवळ सगळी टूलचेन क्लँगच्या बाजूची होते त्यामुळे तेही सोपं झालंय.

पॅच तयार आहे. त्यातल्या सजेस्टेड-बाय (कल्पना कुणाची ते सांगणाऱ्या) ओळीमध्ये तुमचं नाव घालायचंय, पण आपलं बोलणं खासगीत झालं होतं आणि अशा वेळी परवानगीशिवाय नाव घालायचं नसतं, म्हणून तेवढं हो म्हणून कळवा, मी थांबलोय.