सेंद्रिय कर्बाचे आकडे गट नंबरासह हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली कार्बन मोजणीची बातमी वाचली. उपग्रहाचा नकाशा मोठा छापलात, पण त्यात आमचं रान कुठं शोधायचं? हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या नासाच्या ओसीओ-2 उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जवळपास तीन चौरस किलोमीटर, सातशेच्या वर एकर. दिल्लीत धोरण ठरवणाऱ्याचं त्यावर भागेल. गावाचं भागत नाही.

आणि गावपातळीची मोजणी आपल्याकडे आहेच. 2015 पासून शेतातली माती तपासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं, तिच्यातल्या बारा तपासण्यांपैकी एक सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत राहिलेल्या कार्बनची. बातमीत तिचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.

पण ती मोजणी कशी होते तेही सांगतो. आमच्याकडे माती न्यायला एक मुलगा आला. लिंबाखाली गाडी लावली आणि तिथंच, उकिरड्याला लागून, खुरप्यानं दोन ओंजळी माती पिशवीत भरली. खरं तर रानात नागमोडी फिरून जागोजागी वीतभर खड्डे घ्यायचे, खड्ड्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी घमेल्यात कालवून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायचीच नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "काका, अजून लई गावं करायचीत."

पत्रिका आली, कर्ब 0.81 टक्के! कोरडवाहू काळ्या रानात, जिथं वर्षानुवर्षं ज्वारीशिवाय काही नाही आणि शेणखत मुश्किलीनं पडतं. शेजारच्यांच्या पत्रिकेतही 0.81च, कारण कोरडवाहूत दहा हेक्टरला, म्हणजे पंचवीस एकराला, एकच नमुना. कर्ब 0.75च्या वर गेला की जमीन भरपूर कर्बाची धरतात आणि नत्राची मात्रा कमी सांगतात. शेजारच्या पोरानं पत्रिकेवर विश्वास ठेवून युरिया कमी टाकला. ज्वारी पिवळी पडली. मी पदरचे पैसे भरून माती पुन्हा तपासून घेतली, कर्ब निघाला 0.38.

हा फरक किती मोठा आहे बघा. वरच्या सहा इंच मातीत कर्ब 0.1 टक्क्यानं वाढला, तर एकरी पाऊण टनाच्या आसपास कार्बन जमिनीत राहतो, म्हणजे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. या हिशेबानं माझ्या एका एकरात बारा टन कार्बन डायऑक्साइड नुसता कागदावर जमा झाला. आता कार्बन क्रेडिटचे, म्हणजे जमिनीत साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे देण्याचे, इंग्रजी करारनामे घेऊन एजंट गावोगाव फिरत आहेत. असल्या आकड्यांवर सही केली आणि पुढं फेरतपासणीत कर्ब कमी भरला, तर जबाबदार कोण? खरीपपूर्व बैठकीच्या बातम्यांत युरिया-डीएपीच्या आवंटनाचे टन असतात. कुठल्या गावात कर्ब किती घटला, त्यावर एक ओळ नसते.

लोकांना आकडे कळत नाहीत, हे मला कुणी सांगू नये. उजनी धरणाचा साठा वजा झाला म्हणजे काय, ते सोलापुरातल्या शाळकरी पोरालाही समजतं. मृतसाठा, उपयुक्त साठा, टक्केवारी सगळं चहाच्या टपरीवर बोललं जातं, कारण तो आकडा रोज मराठीत समोर येतो. तसाच कर्बाचा आकडा गट नंबर, नमुना घेतल्याची तारीख आणि मागच्या वेळच्या आकड्यासह ग्रामपंचायतीत लावा. गावाची सरासरी लिहून उपयोग नाही. माती शेतकऱ्यासमोर घ्या आणि पिशवीवर त्याची सही घ्या. सहायक कृषी अधिकाऱ्यानं तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यानं धसकटं जाळली आणि ज्यानं गाडली, त्या दोघांचे आकडे शेजारी-शेजारी दिसले की पुढचं बोलणं गावातच होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, उत्तर सोलापूर

ता. क. बार्शी बाजारातले ज्वारीचे दर हल्ली तुमच्या अंकात येत नाहीत. ते पुन्हा सुरू करावेत.