फोटोमागे नाव लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

“माझं नाव कुठे छापू नका,” असं तुम्ही बजावलंत. म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानायचेत.

माझे पणजोबा कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुतार होते. १९२० साली आलेल्या ‘सैरंध्री’तल्या कीचकवधाची हकीकत आमची आजी अंगावर काटा आणून सांगायची. तो प्रसंग इतका भीषण आणि खरा वाटला की पुढे तो कापावा लागला. तेव्हा आपल्याकडे भयपट म्हणून काही निघतही नव्हतं! ज्या चित्रपटासाठी लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, तो आज आपल्याला पाहता येत नाही. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले कसेबसे तीसेक हाती उरलेत, तेही बरेचसे अर्धवट. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच चिकटून तिचा भुगा व्हायचा. काही रिळं तर फिल्मवरच्या चांदीसाठी विकली गेली.

पडद्यावरचं गेलं ते गेलं. निदान पणजोबा तिथे होते याची एखादी खूण मिळावी, एवढंच मला हवं होतं. एका कार्यालयात खिडकीपलीकडून विचारलं गेलं, “नट होते का? मग सुताराचं काय शोधताय?” दुसरीकडे ‘पुढच्या आठवड्यात या’. त्या माणसांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र ट्रंक उघडलीत. कंपनीतल्या माणसांचा फोटो काढलात, आमच्या घरच्या फोटोशेजारी ठेवलात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. मागच्या रांगेत पणजोबा! फोटोच्या पाठीवर पुढच्या रांगेतल्यांचीच नावं होती. तुम्ही पेन्सिल घेतलीत. शाई झिरपते म्हणालात. मग त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं विचारून सावकाश लिहिलंत आणि फोटो माझ्यापुढे धरलात: “बघा, वेलांटी बरोबर आहे ना?”

काका, वेलांटीसुद्धा विचारलीत हो तुम्ही! खिळे ठोकणाऱ्या माणसाला इतका मान देणारं कुणी आहे, म्हणून तर जुन्यातलं थोडंफार आपल्यापर्यंत येतं. फाळक्यांची रिळं जमवणारे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर याच जातकुळीचे.

आईला अजून खरं वाटत नाही. दिवाळीत तिला घेऊन येते. मागच्या रांगेतल्या बाकीच्यांच्या घरच्यांनाही शोधू या, मी फिरायला तयार आहे.

तुमची,
एका सुताराची पणती