जळलेल्या भुट्ट्याचे पैसे द्यायचे राहिले

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितो आहे. श्रावणातला सोमवार होता. चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या धबधब्यासमोर, कठड्याजवळ निळ्या ताडपत्रीखाली तुम्ही भुट्टे भाजत होता. धुकं इतकं की ताडपत्री दहा पावलांवर आल्यावर दिसली. धोतर नेसलेला, काळा चष्मा लावलेला एक म्हातारा आणि त्याचा हात धरून मी, असे दोघं आलो होतो. चिखलदऱ्याचं कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावं.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिताही येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं तोवर आमच्या घरच्या बायांचं अर्धं आयुष्य घागरीखाली गेलं होतं. बाबांनी जन्मभर कपाशी आणि तूर केली ती फक्त पावसाच्या भरवशावर. शेताच्या खालच्या अंगाने चंद्रभागा जाते. पावसाळ्यात कधीकधी आमच्याकडे थेंब नसतो आणि नदी एकदम गढूळ होऊन फुगत येते. अशा वेळी बाबा मेळघाटाकडे बोट दाखवून म्हणायचे, "डोंगरात पडून राह्यला." ही नदी त्या डोंगरांतून उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते, हे मला पुस्तकाआधी त्यांच्या बोटाने शिकवलं. ते स्वतः मात्र कधी वर गेले नाहीत. शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण निंदण, फवारणी, बहिणींची लग्नं, बैलाचं दुखणं. पुढच्या साली जाऊ, पुढच्या साली जाऊ.

मग डोळे गेले. माझ्या मते ते घालवले. तालुक्याच्या गावी ज्यांना दाखवत होतो, ते दर वेळी म्हणायचे, "मोतीबिंदू आहे, पिकू द्या." दोन वर्षं आम्ही पिकू दिला. मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा कळलं की मोतीबिंदूसोबत काचबिंदू होता, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता बाबांना एका डोळ्याने उजेड-अंधार तेवढा समजतो. त्या डॉक्टरांना मी नंतर भेटलो. बसा म्हणालेसुद्धा नाहीत.

बाबांना भीमकुंडावर नेतो म्हटलं, तर घरातलेच हसले. "आंधळ्या माणसाला धबधबा दाखवतो का?" हे त्यांच्यासमोर बोलले, जणू डोळ्यांबरोबर कानही गेलेत. गाडीवाला त्यांच्याही पुढचा. सात पॉइंटचे पैसे आगाऊ घेतले आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकलं, कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, ही गोष्ट त्याने घाटात सांगितली. दिवसभरातली त्याची कामगिरी एवढीच. परतवाड्याच्या पुढे घाटात कान बसले तेव्हा बाबा म्हणाले, "आता वर आलो." चिखलदरा १,११८ मीटरवर आहे हे मी मोबाइलवर पाहत होतो, त्यांना कानांनी समजलं.

भीमकुंडाशी आलो तर समोर नुसता पांढरा पडदा. लोक कठड्याला टेकून "काहीच दिसत नाही यार" म्हणत फोटो काढत होते. चार-पाच पोरांनी स्पीकर लावला होता, त्यात कुठलंसं डीजेचं गाणं ठणठणत होतं. गाडीवाला मागून हॉर्न मारत होता. मी बाबांना म्हटलं, "धुकं आहे, कोणालाच काही दिसत नाही, चला." खरं सांगतो ताई, मीसुद्धा कंटाळलो होतो.

तेव्हा तुम्ही बोललात, आणि माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "आबाजी, पाणी पाहाले आले का?"

तुम्हाला हे साधं वाटेल. गेल्या तीन वर्षांत बाबांना काही विचारायचं असलं की लोक मला विचारतात. बाबांना चहा चालेल का, बाबा बसतील का, बाबांना साखर चालते का. बाबा मध्ये उभे असतात आणि बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं. दया पुष्कळ मिळते, कधी नकोशी होते. विचारणारं माणूस मिळत नाही.

बाबा म्हणाले, "पाहाची तं सोय नाही राह्यली माय, आयकाले आलो."

तुम्ही क्षणभर थांबलात. मग शेगडीच्या भात्याचा दांडा सोडून दिलात. त्याची घरघर बंद झाली. पोरांकडे वळून म्हणालात, "पोरंहो, तो डब्बा बंद करा जरा. आबाजीले आयकू द्या." आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, आम्ही बिचारे आहोत असं त्यांना सांगितलं नाही. पोरांनी खरोखर बंद केला. एकाने तर डोक्यावरची टोपीही काढली. का, कोण जाणे. गाडीवाल्याकडे तुम्ही नुसतं पाहिलं आणि हॉर्नही थांबला.

मग तो आवाज आला. इतका वेळ तो तिथेच होता.

बाबांनी कठडा चाचपला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि मान थोडी तिरपी केली. शेतात मोटार सुरू झाली की नाही हे घरी ऐकताना ते अशीच मान करायचे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोन आवाज हायेत रे. एक इथंच पडते, अन् एक लय खाली." मी ऐकलं. मला एकच येत होता. थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिलो, तेव्हा खालचा दुसरा आला, जड, दबका, पोटात घुमणारा. तुम्हीही हात बांधून उभ्या होता. समोर गिऱ्हाईक होतं, निखारे विझत होते. धुकं शेवटपर्यंत हटलं नाही आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मी दोन भुट्टे घेतले. तिसरा शेगडीवर विसरून एका बाजूने कोळसा झाला होता, तो तुम्ही मला दिसू नये म्हणून पाठीमागे टाकलात. त्याचे पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत.

घाट उतरताना बाबा गप्प होते. मला वाटलं झोपले. परतवाडा आला तेव्हा विचारलं, "आपल्यापायी तिचा भुट्टा जळला न?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "वास आला न."

तेव्हापासून दर आठ दिवसांनी आठवण करून देतात. तूर निघाली की एसटीने येतो म्हणतात, त्या गाडीवाल्याच्या गाडीने नाही. पैसे ते स्वतःच्या हाताने देणार आहेत. घ्याल ना, ताई?